मासेमारीचा तंगूस दोरा : निवड, वापर व निगा

कुंडल व त्याच्या आसपासच्या गावांत मासे धरण्याची दोन ठिकाणे आहेत. एक, काही मैलांवरून वाहणारी कृष्णा नदी. दुधोंडी, बुर्ली, आमणापूर, भिलवडी ही गावे तिच्या काठावर आहेत व ब्रह्मनाळ येथे येरळा तिला मिळते. दुसरे ठिकाण म्हणजे द्राक्षबागांसाठी व इतर पिकांसाठी शेतकऱ्यांनी खोदलेली शेततळी. ज्या शेततळ्यात कटला, रोहू किंवा मृगळ यांचे बीज सोडले आहे, तेथील मुख्य काढणी जाळ्यानेच करावयाची असते. परंतु घरच्या जेवणापुरते दोन-चार मासे काढावयाचे असल्यास गळ हेच सोयीचे साधन होय.

गळाला आज सर्वत्र नायलॉनचा एकतंतू दोरा वापरतात. बाजारात यालाच तंगूस म्हणतात. हा दोरा स्वस्त आहे, कुजत नाही व पाण्यात सहसा दिसत नाही. म्हणून तो घेताना फारसा विचार कोणी करीत नाही. मासा तोंडात गळ घेऊन तुटून गेला, म्हणजे मात्र दोऱ्याला दोष दिला जातो. वास्तविक दोरा बहुधा गाठीपाशी, खरचटलेल्या जागी किंवा उन्हाने जुना झालेल्या भागात तुटतो. रिळाच्या वेष्टनावर लिहिलेली ताकद ही नव्या, अखंड दोऱ्याची ताकद होय. आपल्या हातातील दोऱ्याची ताकद त्याच्या सर्वांत कमजोर जागेइतकीच असते. या लेखातील सर्व सूचना या एका गोष्टीवर आधारलेल्या आहेत.

दोरा कसा तयार होतो

नायलॉनचा शोध वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली अमेरिकेत १९३५ साली लागला व १९३८ साली तो जाहीर झाला. त्यापूर्वी गळासाठी सूत, ताग, रेशीम व घोड्याच्या शेपटीचे केस वापरीत. हे दोरे दर वेळी वाळवावे लागत, नाहीतर कुजत. भारतात मासेमारीची साधने सुधारण्यासाठी १९५७ साली कोची येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. पुढील काळात सुती जाळ्यांची जागा हळूहळू नायलॉनने घेतली.

एकतंतू दोरा करण्याची रीत शेवेच्या सोऱ्यासारखी आहे. नायलॉनचे दाणे वितळवून बारीक छिद्रातून दाबून काढतात व निघालेला तंतू पाण्यात थंड करतात. एवढ्याने तो मजबूत होत नाही. थंड झालेला तंतू यंत्रावर त्याच्या मूळ लांबीच्या कित्येक पट ताणतात. ताणल्यामुळे आतील कण एका दिशेने रांगेत बसतात व दोऱ्यास बळ येते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. दोऱ्याचे बळ त्याच्या लांबीच्या दिशेने असते, म्हणून आडवा ओरखडा किंवा घट्ट मोड त्याला फार बाधतो. तसेच घर्षणाने दोरा तापला की कणांची ही रांग विस्कटते. कोरडी गाठ झटक्याने आवळणे हानिकारक असते, ते याच कारणाने.

जाडी व ताकद

दोऱ्याची जाडी मिलिमीटरमध्ये व ताकद किलोमध्ये किंवा पौंडांत छापलेली असते. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. निरनिराळ्या कारखान्यांच्या दोऱ्यांत फरक असतो, तरी साधारण अंदाज पुढीलप्रमाणे धरावा :

०.२० मि.मी. जाडी : सुमारे ३ ते ४ किलो
०.२५ मि.मी. जाडी : सुमारे ५ किलो
०.३० मि.मी. जाडी : सुमारे ६ ते ८ किलो
०.३५ मि.मी. जाडी : सुमारे ८ ते १० किलो
०.४० मि.मी. जाडी : सुमारे १० ते १२ किलो
०.५० मि.मी. जाडी : सुमारे १५ ते १८ किलो

जाडी दुप्पट झाली की ताकद दुपटीहून पुष्कळ अधिक, म्हणजे तिप्पट ते चौपट होते. कारण ताकद दोऱ्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. एखाद्या वेष्टनावर बारीक जाडी व अवाजवी मोठी ताकद छापलेली आढळल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

येथे कोणी विचारील की, मग सर्वांत जाड दोराच का घेऊ नये ? जाड दोरा ताठ असतो, रिळावरून वेटोळी होऊन सुटतो, लांब फेकला जात नाही व स्वच्छ पाण्यात माशाला दिसतो. शिवाय त्याची गाठ नीट आवळली जात नाही. म्हणून कामापुरताच जाड दोरा घ्यावा.

माशाच्या वजनाइतकी दोऱ्याची ताकद असलीच पाहिजे, हाही समज बरोबर नाही. विहिरीत बुडालेली भरलेली बादली पाण्यात हलकी लागते व पाण्याबाहेर येताच जड होते, हे आपण रोज पाहतो. माशाचेही तसेच आहे. पाण्यात त्याचे वजन जवळजवळ जाणवत नाही. तेथे जाणवतो तो त्याचा झटका. काठी लवचिक असली व दोरा सोडता येत असला, तर ०.३० मि.मी.च्या दोऱ्याने चांगला मोठा मासा थकविता येतो. तोच मासा दोऱ्याने उचलून काठावर घेऊ लागल्यास वजन व झटका दोन्ही एकदम दोऱ्यावर पडतात. बरेच मासे याच वेळी निसटतात. यासाठी मासा काठाशी आला की त्याच्याखाली हातजाळी घालून तो वर घ्यावा.

कोणत्या कामास कोणता दोरा

शेततळ्यातील अर्धा ते एक किलोच्या रोहू, मृगळ व चिलापीसाठी ०.२५ ते ०.३० मि.मी.चा दोरा पुरतो. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. त्याप्रमाणे तरंगणारा तुकडा वर-खाली सरकवून गळाची खोली ठरवावी. दोन किलोवरील कटला किंवा सायप्रिनस असल्यास ०.३५ मि.मी.चा दोरा घ्यावा.

नदीत तळाला खडक, झाडांच्या मुळ्या व बुडालेली लाकडे असतात. वाम खडकांच्या कपारीत शिरते, मरळ गवतात व पाणवनस्पतींत दडतो. तेथे दोरा घासतो, म्हणून ०.३५ ते ०.४५ मि.मी.चा दोरा योग्य. शिवड्यासारख्या काटेरी माशासाठीही हाच दोरा वापरावा. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात दोरा दिसण्याचा प्रश्न नसतो. उन्हाळ्यात पाणी निवळल्यावर मात्र फिकट हिरवा किंवा रंगहीन दोरा बरा.

बाजारात आणखी दोन प्रकार मिळतात. फ्लुरोकार्बनचा दोरा पाण्यात कमी दिसतो, घासणे अधिक सोसतो व नायलॉनपेक्षा जड असल्याने लवकर बुडतो. पण तो महाग व ताठ असतो. अनेक तंतू विणून केलेला दोरा त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी मजबूत असतो. परंतु तो जवळजवळ ताणत नाही व हात कापतो. नायलॉनचा दोरा तुटण्यापूर्वी बराच ताणतो व माशाचा झटका सोसून घेतो. नवशिक्याच्या हाती हा गुण फार उपयोगी पडतो. गावातील कामास साधा नायलॉनच पुरेसा आहे.

खरेदी करताना

दुकानाबाहेर उन्हात टांगलेले रीळ घेऊ नये. सूर्यप्रकाशाने नायलॉन आतून कमजोर होतो, पण वरून तसे दिसत नाही. आतल्या कपाटातील, वेष्टन बंद असलेले रीळ घ्यावे. हातभर दोरा ओढून बोटांच्या चिमटीतून फिरवावा. कोठे जाड, कोठे बारीक किंवा खरखरीत लागल्यास तो परत करावा. सैल सोडल्यावर स्प्रिंगसारखी घट्ट वेटोळी होत असतील, तर दोरा फार दिवस रिळावर पडून राहिलेला आहे असे समजावे.

एक महत्त्वाची सूचना. हा दोरा पतंगासाठी मुलांच्या हाती देऊ नये. नायलॉनच्या व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. अशा दोऱ्याने पक्ष्यांचे पंख व दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे कापले जातात.

गाठ

पाण्यात दोऱ्याला एकाच ठिकाणी आपण स्वतः मोड घालतो व ते ठिकाण म्हणजे गाठ. साधी एकपदरी गाठ दोऱ्याची ताकद सुमारे निम्म्यावर आणते. म्हणजे ७ किलोचा दोरा घेऊन आपण ३॥ किलोचा करून टाकतो. दोऱ्यात आपोआप पडलेली अशी गाठ दिसल्यास तेवढा भाग कापून टाकावा. चांगल्या रीतीने बांधलेली गाठ बहुतेक ताकद राखते. पुढील दोन गाठी प्रत्येकाने शिकाव्या.

पहिली, वेढ्यांची गाठ. (१) दोऱ्याचे टोक गळाच्या छिद्रातून ओवून वीतभर बाहेर काढावे. (२) हे टोक मूळ दोऱ्याभोवती पाच ते सहा वेळा फिरवावे. (३) मग ते छिद्राजवळील लहान फाशातून न्यावे व त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फाशातूनही परत न्यावे. (४) गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. (५) मूळ दोरा हळूहळू ओढून वेढे एकाशेजारी एक बसू द्यावे. (६) उरलेले टोक ३ मि.मी. ठेवून कापावे.

दुसरी, दुपदरी गाठ. (१) दोरा दुमडून त्याचा वीतभर दुपदर करावा व तो गळाच्या छिद्रातून काढावा. (२) गळ लोंबता ठेवून या दुपदराची एक साधी सैल गाठ मारावी. (३) टोकाचा फासा गळावरून पलीकडे न्यावा. (४) ओले करून दोन्ही पदर सावकाश ओढावे. ही गाठ सोपी असून अंधुक प्रकाशातही बांधता येते.

मुख्य दोऱ्यास गळाकडील बारीक तुकडा जोडावयाचा असल्यास दोघांची टोके वीतभर एकमेकांवर ठेवावी. दोन्ही मिळून एकच दोरा समजून फासा करावा व तुकड्यासह टोके त्यातून तीन वेळा न्यावी. मग ओले करून चारही पदर सारखे ओढावे. गळाकडील तुकडा मुख्य दोऱ्याहून बारीक ठेवल्यास खडकात अडकल्यावर तेवढाच तुटतो. लांब दोरा नदीत राहत नाही.

बादलीची परीक्षा

दोऱ्याची खरी ताकद पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. बादली, लिटरचे माप व आडवी गुळगुळीत फांदी किंवा लाकडी दांडा एवढे पुरे. ग्रामसेवकांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक चावडीसमोर अवश्य करून दाखवावे.

मीटरभर दोऱ्याचे वरचे टोक दांड्याभोवती सहा-सात वेढे देऊन मग बांधावे. खुंट्याला दाव्याचे वेढे दिले म्हणजे गाठीवर ताण येत नाही, तसेच हे आहे. खालच्या टोकास ज्या गाठीची परीक्षा करावयाची त्या गाठीने बादलीची कडी बांधावी. बादली जमिनीपासून वीतभरच उंच असावी व खाली पोते अंथरावे. आता एकेक लिटर पाणी सावकाश ओतावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. दोरा तुटताच ओतलेले लिटर मोजून त्यात रिकाम्या बादलीचे वजन मिळवावे. पाणी ओतणाऱ्याने पाय व तोंड बादलीपासून दूर ठेवावे.

ही परीक्षा पाच तुकड्यांवर घ्यावी : (१) नवा दोरा, वेढ्यांची ओली करून आवळलेली गाठ. (२) नवा दोरा, तीच गाठ पण कोरडी व झटक्याने आवळलेली. (३) नवा दोरा, साधी गाठ. (४) दोन तास पाण्यात भिजविलेला नवा दोरा. (५) गेल्या वर्षीचा, उन्हात राहिलेला दोरा. पाचही आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहावे. नायलॉन पाणी शोषतो व ओला झाल्यावर त्याची ताकद काहीशी कमी होते, हे चौथ्या तुकड्यावरून दिसेल. तिसऱ्या व पाचव्या आकड्यावरून मासा का निसटतो हे सांगण्याची गरजच उरणार नाही.

वापरताना घ्यावयाची काळजी

दर अर्ध्या तासाने व प्रत्येक माशानंतर गळाजवळचा दोन हात दोरा बोटांच्या चिमटीतून ओढून पाहावा. खरखर लागल्यास तेवढा भाग कापून पुन्हा गाठ बांधावी. या कामात दोन हात दोरा खर्ची पडतो, पण मासा हाती येतो.

दोरा हाताभोवती कधीही गुंडाळू नये. मोठ्या माशाने ओढ दिली, तर तो बोटांत रुततो. हाताने मासेमारी करणाऱ्याने दोरा लाकडी फिरकीवर गुंडाळावा. यांत्रिक रीळ असल्यास दोरा रिळाच्या कडेपासून २ ते ३ मि.मी. खाली राहील इतपतच भरावा व भरताना ओल्या फडक्यातून ताण देऊन घ्यावा.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात विशेष दक्षता हवी. गळ तळाशी टेकवून ओढल्यास अस्तरास छिद्र पडते व एका माशासाठी संपूर्ण हंगामाचे पाणी झिरपून जाते. तेथे तरंगणारा तुकडा लावून गळ तळापासून किमान हातभर वर ठेवावा. अडकलाच, तर हिसका न देता दोरा कापावा व पाणी उतरल्यावर गळ काढून घ्यावा. याहून मोठा धोका माणसाला आहे. ओले अस्तर निसरडे असते व एकदा पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर चढणे कठीण जाते. शेततळ्यास कुंपण असावे, काठावरून पाण्यापर्यंत गाठी मारलेला जाड दोर कायम बांधलेला असावा व मुलांना एकटे गळ टाकण्यास पाठवू नये. गळ काढण्यासाठी पाण्यात उतरू नये. दोरा पुन्हा मिळतो.

नदीवर दुसरा धोका आहे. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या भागात कृष्णेमध्ये मगरी आहेत. पाण्याच्या कडेला उकिडवे बसून गळ टाकू नये. उंच काठावर उभे राहावे, अंधार पडण्यापूर्वी परतावे व मासे पाण्यात लोंबत ठेवू नयेत. काठावर माशांची घाण टाकण्याची सवयही सोडावी. मगर व नदीतील मृदुकवच कासवे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. गळास कासव लागल्यास ओढाताण न करता दोरा तोंडाजवळ कापावा व वन खात्यास कळवावे.

वीजवाहक तारांखाली किंवा नदीकाठच्या मोटारींच्या तारांजवळ लांब काठी उभी करू नये. कार्बनच्या काठीतून वीज वाहते व ओल्या बांबूतूनही वाहते. पावसाळ्याच्या आरंभी पाणी चढू लागताच कटला, रोहू, मृगळ यांच्या विणीचा काळ येतो. त्या दिवसांत नदीतील पोटात अंडी असलेली मादी सापडल्यास ओल्या हाताने धरून परत सोडावी. तलाव किंवा नदीचा भाग ठेक्याने दिलेला असल्यास संबंधित मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी आधी घ्यावी.

निगा व टाकाऊ दोरा

घरी आल्यावर दोरा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा व अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावा. छपराच्या वळचणीस टांगू नये. औषधफवारणीची द्रव्ये, बॅटरीचे आम्ल व डिझेल यांपासून तो दूर ठेवावा. नियमित वापर असल्यास दर हंगामास दोरा बदलावा. रिळावरील वरचा भागच झिजलेला असेल, तर दोरा उलटा गुंडाळून आतील भाग वापरात घ्यावा.

सुती दोऱ्याच्या काळात तुटलेला दोरा काठावर टाकला तरी काही महिन्यांत तो कुजून जाई. नायलॉन कुजत नाही. तो पाण्यात, गवतात व मातीत वर्षानुवर्षे तसाच राहतो. बगळे, खंड्या व पाणकावळे यांचे पाय व पंख त्यात अडकतात. चरणारी गुरे तो गवताबरोबर गिळतात आणि तो त्यांच्या पोटात गोळा होऊन राहतो. खुराच्या वर वेढा बसला, तर तो दिसत नाही, पण कातडे कापीत जातो. म्हैस किंवा बैल लंगडत असल्यास त्या जागी केसांखाली बोट फिरवून पाहावे. पंपाच्या पंख्यात व रोटाव्हेटरच्या दांड्यावर हाच दोरा गुंडाळून यंत्र बिघडते. कृष्णेला २०१९ व २०२१ साली मोठे पूर आले. असे पूर काठावर टाकलेली वस्तू उचलून रानात आणून सोडतात. तेव्हा नदीवर टाकलेला दोरा आपल्याच शेतात परत येऊ शकतो.

म्हणून मासेमारीस जाताना एक रिकामी झाकणाची बाटली बरोबर न्यावी व प्रत्येक तुटका तुकडा तीत टाकावा. दुसऱ्याने टाकलेला दोराही उचलावा. घरी आल्यावर त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करावे, म्हणजे त्याचा फास होणार नाही. हे तुकडे ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्यावे. उकिरड्यावर टाकू नयेत, कारण उकिरड्याचे खत शेतात जाते. जाळूही नयेत, कारण त्यातून विषारी धूर निघतो.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. दोरा कामापुरता जाड घ्यावा. शेततळ्यास ०.२५ ते ०.३५ व नदीस ०.३५ ते ०.४५ मि.मी. पुरेसा आहे.
२. उन्हात ठेवलेले रीळ घेऊ नये व आपलेही उन्हात ठेवू नये.
३. साधी गाठ मारू नये. योग्य गाठ ओली करून सावकाश आवळावी.
४. प्रत्येक माशानंतर दोरा चिमटीतून पाहावा. खरखरीत भाग कापावा.
५. मासा दोऱ्याने उचलू नये. हातजाळी वापरावी.
६. अस्तराच्या शेततळ्यात व मगरी असलेल्या पाण्यात दोऱ्यासाठी उतरू नये.
७. तुटका दोरा घरी आणून बारीक कापून सुक्या कचऱ्यात द्यावा.

प्रत्येक गावात बादलीची परीक्षा एकदा झाली, तर या सात गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागणार नाहीत. शेतकऱ्यांनी स्वतः केलेल्या परीक्षेचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावे व पुढील वर्षी त्याच दोऱ्याची पुन्हा परीक्षा घ्यावी. वर्षभरात दोऱ्याचे बळ किती उतरले, हे मग सर्वांस कळेल.